निव्वळ मजेसाठी एखादी आडवाटेची प्रोग्रॅमिंग भाषा शिकायची आहे. कुठली घेऊ?

नमस्कार मंडळी,

पोटापाण्यासाठी जावा लिहितो. बँकेचं जुनं सॉफ्टवेअर सांभाळायचं काम. फॉर्मवर एक रकाना वाढवायचा म्हटलं तरी मीटिंगांवर मीटिंगा आणि शेवटी शनिवारी रात्री डिप्लॉयमेंट. नोकरीबद्दल तक्रार नाही, पण कॉलेजात प्रोग्रॅम चालला की जी मजा यायची, ती आता येत नाही. म्हणून नोकरीशी काडीचाही संबंध नसलेली एखादी भाषा शिकावी म्हणतोय.

पोरगी झोपली की अर्धा-पाऊण तास हातात असतो. लॅपटॉप जुना आहे, त्यामुळे इन्स्टॉल करण्यातच दमछाक होईल असं काही नको. पायथन, गो, रस्ट कृपया सुचवू नका. चांगल्याच आहेत, पण त्या शिकायला घेतल्या की मनात लगेच पगारवाढीचा हिशोब सुरू होतो. हॅस्केल मध्यंतरी उघडली होती. मोनाड या तिच्यातल्या अवघड संकल्पनेपर्यंत पोचलो आणि घरात लग्न निघालं, ते राहिलंच.

सध्या डोक्यात तीन नावं आहेत: एपीएल, फोर्थ आणि प्रोलॉग. तिन्हींबद्दल थोडंफार वाचलंय, हात एकीलाही लावलेला नाही. ज्यांनी लावलाय त्यांनी सांगा, डोक्याला खरोखर वेगळं वळण कुठली लावते? आणि सुरुवातीला त्यात करून काय बघू?

– मुक्काम पोस्ट चिंचवड

उलटा खडू:
एपीएल, डोळे मिटून. ही भाषा आधी फळ्यावरची आहे, मशीनवर नंतर आली. केनेथ आयव्हरसन हार्वर्डला शिकवत असताना त्यांनी ही चिन्हं लिहायला-समजवायला म्हणून तयार केली. पुस्तक आलं 1962 साली, आयबीएमच्या यंत्रांवर ती चालायला लागली त्यानंतर. 1979 चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं, त्या वेळचं भाषणही चिन्हांमुळे विचार कसा सोपा होतो याच विषयावर होतं.

चव बघायची तर हे घ्या: +/⍳10 लिहिलं की 55 येतं. ⍳10 म्हणजे 1 ते 10 ची यादी आणि +/ म्हणजे त्या सगळ्यांमध्ये अधिक घालून टाक. सरासरी हवी तर (+/÷≢), म्हणजे बेरीज भागिले संख्या. संपलं. लूप नाही, काउंटर नाही. पहिले काही दिवस हात 'फॉर' शोधत राहतो, मग ती सवय सुटते. त्यासाठीच शिकायची.

एक सांगून ठेवतो, इथे गुणाकार आधी वगैरे नियम नाहीत, सगळं उजवीकडून डावीकडे. 3×4+5 चं उत्तर 27 येतं. शाळेतल्या बाई आठवतील. डायलॉग एपीएल बिनव्यावसायिक वापराला फुकट आहे, आणि ट्रायएपीएलच्या पानावर ब्राउझरमध्येच खेळता येतं, इन्स्टॉल काहीच करायला नको.

कंसराव:
लिस्पचं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही? 1958 पासून लोकांना वेड लावतेय. रॅकेट (लिस्पचाच एक अवतार) उतरवून घ्या आणि निवांत बसा.

मुक्काम पोस्ट चिंचवड:
कंसराव, लिस्प पुढच्या वर्षासाठी राखून ठेवलीय. या यादीत घातली तर बाकीच्यांना संधीच मिळायची नाही.

टिवल्याबावल्या:
मजाच करायची तर इंटरकॅल घ्या की! 1972 सालची आहे. कोडमध्ये अधूनमधून 'प्लीज' लिहावं लागतं. कमी झालं तर कंपायलर उद्धट म्हणून नाकारतो, जास्त झालं तर लाळघोटेपणा म्हणून नाकारतो. सरकारी कचेरीत अर्ज केलेल्या माणसाला वेगळं ट्रेनिंग लागणार नाही.

गंमत सोडा, माझं मत फोर्थला. 2 3 + 4 * . असं लिहायचं, 20 छापून येतं. आकडे थप्पीवर (स्टॅकवर) चढतात, क्रिया वरचे दोन उचलते आणि उत्तर परत वर ठेवते. कंस लागतच नाहीत. चार्ल्स मूर यांनी 1970 च्या सुमारास ॲरिझोनातल्या किट पीकच्या रेडिओ दुर्बिणीसाठी ती वापरली. 2014 मध्ये धूमकेतूवर उतरलेल्या फिली यानातही फोर्थ होती. जीफोर्थ ही तिची फुकट आवृत्ती कुठल्याही जुनाट लॅपटॉपवर चालेल. आणि पुढेमागे स्वतःची फोर्थ स्वतः लिहिता येते, इतकी ती लहान आहे. कंपायलर आतून कसा असतो ते त्यात कळतं.

वांगीभात:
वरच्या दोघांचं खरं आहे, पण जावावाल्याला सर्वांत जोरात धक्का प्रोलॉग देईल. एपीएल आणि फोर्थमध्येही तुम्ही मशीनला 'हे कर' असंच सांगता. प्रोलॉगमध्ये 'हे असं आहे' एवढंच सांगायचं, उत्तर तिनं शोधायचं. 1972 साली फ्रान्समध्ये मार्सेय इथे आलँ कोलमरोएर यांच्या गटानं ती केली, यंत्राशी फ्रेंचमध्ये बोलता यावं या खटपटीतून. ऐंशीच्या दशकात जपाननं पाचव्या पिढीच्या संगणकांचा प्रकल्प तर्काधारित प्रोग्रॅमिंगवरच उभारला होता.

एसडब्ल्यूआय-प्रोलॉग उतरवून घ्या, फुकट आहे आणि तिला देवनागरी चालते. पहिला प्रोग्रॅम म्हणून आपली नातीगोती घाला:

आई(सुमन, विजय).
भाऊ(दत्ता, सुमन).
मामा(_म, _भ) :- आई(_आ, _भ), भाऊ(_म, _आ).

पहिली ओळ म्हणजे सुमन ही विजयची आई; :- म्हणजे 'जर' आणि अटींमधला स्वल्पविराम म्हणजे 'आणि'. प्रोलॉगमध्ये व्हेरिएबल मोठ्या अक्षरानं किंवा अंडरस्कोअरनं सुरू होतो; देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत, म्हणून व्हेरिएबलच्या आधी अंडरस्कोअर लावायचा. आता विचारा मामा(_को, विजय). ती सांगेल दत्ता. त्याच नियमाला उलट विचारा, मामा(दत्ता, _को). ती सांगेल विजय. भाचे शोधायचा कोड तुम्ही लिहिलेलाच नाही! जावात यासाठी दोन मेथड लिहिल्या असत्या. मग आत्या, चुलते, साडू घालत जा. आजीला शेजारी बसवलंत तर डेटाची ददात नाही.

उलटा खडू:
साडू घालून बघाच. तिथे जरा घाम फुटतो.

मुक्काम पोस्ट चिंचवड:
प्रोलॉगच घेतली. एपीएलही ब्राउझरमध्ये उघडून पाहिली. मोहात पडलो होतो, पण नात्यांच्या प्रोग्रॅममध्ये बायकोही सामील झाली आणि विषय तिथेच संपला. तिच्या माहेरचे फॅक्ट्स तीच टाकतेय.

आता एक अडलंय. विजय आणि अजय, आई सुमन, दोघांचंही पुरुष( ) टाकलंय. भावाचा नियम लिहिला तर विजय स्वतःचाच भाऊ निघायला लागला. म्हणून दोघं वेगळे असल्याची अट घातली:

भाऊ(_क, _ख) :- _क \= _ख, पुरुष(_क), आई(_आ, _क), आई(_आ, _ख).

आता भाऊ(_को, विजय) विचारलं की सरळ फॉल्स येतं, अजयसुद्धा गायब. तीच अट शेवटी टाकली की बरोबर चालतं. 'आणि'ने जोडलेल्या अटींचा क्रम बदलून उत्तर का बदलावं?

वांगीभात:
कारण \= चा अर्थ 'वेगळे आहेत' असा नाही, 'या घडीला एकसारखे करता येत नाहीत' असा आहे. तुमची अट पहिली आली तेव्हा _क रिकामा होता. रिकामा व्हेरिएबल विजयशी सहज जुळवता येतो, म्हणून अट तिथेच फसते आणि पुढचं काही बघितलंच जात नाही. शेवटी टाकली की तोवर _क मध्ये आधी विजय, मग अजय बसलेला असतो. विजय गळतो, अजय राहतो.

अट पहिलीच ठेवायची असेल तर \= काढून डिफ हे तयार प्रेडिकेट (म्हणजे आई, भाऊसारखंच एक नातं) वापरा, dif(_क, _ख) असं. ते व्हेरिएबल भरेपर्यंत थांबतं. आणि बहिणीचा नियम लिहिताना हीच अट विसरू नका.