हळदीच्या मांडवात कोणती गाणी वाजावीत?

रानजाई: गेल्या आठवड्यात परळीजवळ मामेबहिणीच्या हळदीला गेले होते. डीजेवर लागोपाठ आठ-दहा गाणी अशी लागली की त्यांत बाईची कंबर होती, चाल होती, ओठ होते. तिला काय हवंय याचा एक शब्द नव्हता. मी गाणं बदलायला सांगितलं तर "ताई, संस्कृती शिकवू नका" म्हणाले.

शृंगाराला माझा विरोध नाही. सातवाहनांची राजधानी आपलं पैठण. त्यांच्यातल्या हाल राजाच्या नावावर माहाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथांचा संग्रह आहे. कितीतरी गाथा बाईच्या तोंडच्या. पीक पिकलं म्हणून कुणी रडवेली होते, कारण कापणी झाली की चोरून भेटायची जागाच राहणार नाही. अंग आहे, ओढ आहे, पण ओढ तिची आहे. आपल्याच गोदाकाठी एवढं धीट बोलून झालंय, मग मांडवात ती नुसती बघायची वस्तू का?

गोदाकाठ: गाथा वाचायच्या असतात, त्या लहान लेकरांसमोर भोंग्यावर लावत नाहीत. पैठणच्याच नाथांनी गौळणी लिहिल्या, त्यातही कृष्णाची छेडछाड आहे, पण रोख भक्तीकडं आहे. लग्नात बाया विहिणीला गाण्यातून टोमणे मारायच्या, त्यात चावटपणा होताच. पण बायांचा बायांत होता. कोणापुढं काय म्हणावं हे कळत होतं.

हलगी: काका, आमची टोळी सहा महिने ऊसतोडीला असती. कारखाने बंद झाले की गावाकडं येतो आन लगीनसराई लागती. वर्षातून तेवढंच मोकळं नाचायला मिळतं. शब्द कोण ऐकतंय? बास छातीत बसतो, पाय आपोआप उचलतात. माळेगावच्या यात्रेत लावणी महोत्सव बघताना तुम्हाला कला दिसती, मग आमच्या नाचात घाण कामून दिसती?

रानजाई: नाचाला मी नाव ठेवलंच नाही, भाऊ. पण शब्द कोणी ऐकत नाही हे खरं नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या बसथांब्यावर तीच ओळ पोरींना ऐकवतात. तेव्हा ती बरोबर पाठ असते. माझ्या बहिणीनं त्यापायी सहाची एसटी सोडून सातची धरली, वर्षभर.

तेरणा: रानजाई, बसथांब्याचं पटतं. गाथा-लावणीचं नाही. लावण्या बहुतेक शाहिरांच्या, म्हणजे पुरुषांच्या. बाईच्या तोंडी घातलेली इच्छा पुरुषांना ऐकायला आवडेल अशीच असायची. आणि ती नाचून दाखवायची कोणी? कोल्हाटी समाजाच्या लेकींनी. टाळ्या पडल्या, पण त्यांच्या घरी सोयरीक घेऊन कोण गेलं?

बायांनी स्वतः रचलेलं म्हणाल तर जात्यावरच्या ओव्या. माझ्या आजीच्या ओव्यांत आई, भाऊ, लेक, विठ्ठल भरभरून होते. नवऱ्याबद्दल जपून. स्वतःच्या अंगाबद्दल काहीच नाही. सासू भिंतीपलीकडं निजलेली असायची, कशी म्हणणार?

आता माझ्या सासूबाई. साठी उलटलेली, जन्मात कधी नाचल्या नव्हत्या. पुतण्याच्या हळदीत त्याच "वाईट" गाण्यावर पदर खोचून उठल्या, दोन्ही मुलांसमोर. घामाघूम होईपर्यंत नाचल्या. ते शब्द त्यांना लागले नाहीत. चारचौघांत हात वर करायला मिळाले. ते गाणं बंद केलं असतं तर त्या बसूनच राहिल्या असत्या.

गोदाकाठ: ताई, हेच त्या भजनातही करू शकल्या असत्या.

तेरणा: चाळीस वर्षं भजनाला गेल्या, काका. मागच्या रांगेत बसून टाळ वाजवला.

रानजाई: सासूबाईंचं दोनदा वाचलं. माझ्या मामींनाही त्या दिवशी तसंच नाचायचं असेल, आणि मी गाणं थांबवायला गेले. हे माझं चुकलं. बसथांब्यावरचं दुखणं मात्र तसंच राहतं. उन्हाळ्यात धाकटीची हळद आहे. यादी आम्ही बहिणी करणार, बास जोरात राहील.

हलगी: कंबरेचं एकबी गाणं नसलं तर पोरं मांडवातून उठून जातील, आधीच सांगतो.

गोदाकाठ: रात्री दहाला बंद करा. कायदाही तोच आहे.

रानजाई: दहाला बंद, काका. आणि हलगी, कंबर असू दे की. जिथं ती आपल्या मनानं नाचायला उठलीय अशी गाणी तुम्हीही सुचवा, बाईच्या आवाजातली, जुनी-नवी कोणतीही. सोमवारपर्यंत यादी उघडी ठेवते.