अनुभव धागा: ओबी व्हॅन, केबलचे ड्रम आणि आपल्याकडची पोरं

कंदीलवाली
काल भंगारवाल्याला बोलावलं होतं. लातूरचं गोदाम रिकामं करायचंय, जुने केबलचे ड्रम द्यायचे होते. सात नंबरच्या ड्रमवर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं दिसलं, 'कोपरावर गुंडाळू नये'. अक्षर माझंच, २००८ सालचं. तो ड्रम काही माझ्याच्यानं दिला गेला नाही. बाकीचे नेले त्यानं. रात्री झोप लागेना म्हणून इथं लिहायला बसले.

आमचं आधी लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. दोन कॅमेरे, एक मिक्सर, हे आणि यांचा मावसभाऊ. २००७-०८ ला मराठी बातम्यांच्या वाहिन्या एकामागून एक सुरू झाल्या आणि त्यांच्या ओबी व्हॅन, म्हणजे डिशवरून थेट प्रक्षेपण करायच्या गाड्या, मुंबई-पुण्याहून इकडं यायला लागल्या. व्हॅन यायची, पण सोबत माणसं तीन नाहीतर चार. केबल ओढायला, जनरेटरपाशी बसायला, दुसऱ्या कॅमेऱ्यामागं उभं राहायला कुणी नसायचं. मग आमच्या दुकानात फोन, 'लोकल पोरं आहेत का?' धंदा सुरू झाला तो असा. व्हॅन आमची फार नंतर आली, पोरं आधी.

पहिलं मोठं काम नांदेडचं, २००८ ची गुरु-ता-गद्दी. गुरु ग्रंथ साहिबांना गुरुपद मिळाल्याचा ३०० वर्षांचा सोहळा, जगभरातून माणूस लोटलेला. आमची अकरा पोरं गेली. वही माझ्याकडं होती. नाव, गाव, किती दिवस, किती रुपये. मी एकच अट घातली होती यांना, की वाहिनीचे पैसे कधीही येवोत, पोराचा रोज त्याच रात्री त्याच्या हातात. वाहिन्यांचा पैसा ९० दिवसांनी यायचा, आला तर. एका वाहिनीनं आठ महिने थकवले तेव्हा भाव यायच्या आधीच घरचं सोयाबीन विकलं, पण रोज थांबवला नाही. माझं आजही म्हणणं आहे की आमची कंपनी वाढली ती त्या वहीमुळं. गाड्या काय, पैसा असला की कुणीही घेतो.

इथं आपल्यातले बरेच जण या लाइनीत होते, आहेत. लिहा ना. कुठून सुरू केलं, काय पाहिलं.

गोदाकाठ
वहिनी, त्या अकरातला मी एक. नांदेडला पहिल्या दिवशी हेडफोन डोक्यावर चढवला आणि कानात आवाज, 'दोन, स्टँडबाय. दोन, टेक.' मला वाटलं कुणीतरी रागवायलंय. दोन म्हणजे आपला कॅमेरा नंबर हे समजायला अर्धा दिवस गेला. लाल दिवा लागला की हलायचं नाही एवढंच सांगितलं होतं. तर मी दिवा विझल्यावर पण हललो नाही. पाठ ताठली होती रात्री.

केबल गुंडाळायला काकांनी शिकवलं. कोपरावर गुंडाळली की आत पीळ बसतो, तार तुटते, वरून कळत पण नाही. एक वेढा सरळ, दुसरा उलटा घ्यायचा, किंवा जमिनीवर आठच्या आकारात टाकत जायची. मग ओढताना सापासारखी सरळ निघते, गाठ नाही. मी आज क्रिकेटच्या मॅचेसना जातो, पंचवीस-तीस कॅमेरे असतात, परदेशातले इंजिनिअर असतात. नवीन पोराला पहिल्यांदा केबलच गुंडाळायला सांगतात. त्याच्या हाताकडं बघूनच कळतं त्यांना.

लंगरमध्ये जेवलो तसं परत कधी जेवलो नाही. डाळ, प्रसाद, आणि कुणी विचारलंच नाही कुठला तू.

बालाघाटी
मी गाडीवर होतो. ड्रायव्हर म्हनून लागलो, पण ओबीचा ड्रायव्हर म्हंजे अर्धा इंजिनिअर. गाव आलं की आधी मी झाडं बघायचो. सॅटेलाइट विषुववृत्तावर ऱ्हातंय, म्हनून आपल्या भागातून डिश कायम दक्षिणेकडं कलती. दक्षिणेला लिंबाचं झाड, पाण्याची टाकी, तीन मजली बिल्डिंग, काहीच नको.

केजच्या पुढं एका गावात सगळं जमलं, फक्त एक चिंच आडवी. वरिष्ठ म्हने फांदी तोडा. घरातली म्हातारी आली, म्हनली, 'लेकरा, ही माझ्या सासूनं लावलीय. तुझी गाडी सरकव.' सरकवली. चाळीस मीटर केबल जास्त ओढावी लागली एवढंच. तिनं मग सगळ्यांला ताक दिलं.

आनि पावसाळ्यात काळ्या रानात गाडी घालायची नाई. कुनी कितीबी सांगो. एकदा रुतली, दोन ट्रॅक्टर लावून काढली, तवर कार्यक्रम संपला व्हता. तो दिवस आठवला की अजून वाईट वाटतंय.

पळसफूल
वाचून डोळ्यात पाणी आलं ताई. सोयाबीनचं वाचून जास्त. आमच्याकडं पण तेच.

ज्वारीचं कणीस
ताई कोणत्या साली विकलं? बाराला नंतर चांगला भाव आला होता, आम्ही थांबलो होतो.

कंदीलवाली
दादा, अकराचं होतं ते. थांबायला मिळालं असतं तर थांबलोच असतो.

धुळवाट
दुपारचा स्वयंपाक उरकला, आता पाच मिनिटं आहेत म्हणून लिहिते.

मी उदगीरची. २०१४ ला वहिनींकडं आले ते ग्राफिक्स चालवायला, म्हणजे नावाच्या पट्ट्या टाकायला. सहा महिन्यांनी म्हटलं मला कॅमेरा द्या. वहिनींच्या मालकांनी नाही, वहिनींनी दिला. घरी सांगितलंच नव्हतं. मामांनी मला टीव्हीवर नाही, टीव्हीच्या मागं पाहिलं. परळीला एका सभेत ते गर्दीत होते आणि मी उंच मचाणावर. खाली उतरले तर समोर उभे. काही बोलले नाहीत. पाण्याची बाटली दिली.

बायकांसाठी सगळ्यात अवघड काय तर बाथरूम. बारा तास मचाणावर, खाली हजारो माणसं. आम्ही मुली पाणीच प्यायचो नाही. मला मूतखड्याचा त्रास झाला, डॉक्टर ओरडले. त्यानंतर वहिनींनी नियम केला की मुलगी एकटी पाठवायची नाही, दोघी पाठवायच्या, आणि जागा बघायला जाणाऱ्या माणसानं जवळचं एक घर आधी बोलून ठेवायचं. डिशची जागा बघतात तसंच हे. काम मागणाऱ्यांना फोनवर आधीच सांगायच्या त्या. दोन कामं गेली त्यामुळं, मला माहितीय.

एप्रिल २०२२ ला आमच्या उदगीरलाच ९५ वं साहित्य संमेलन झालं. माझ्या गावात मी मुख्य कॅमेऱ्यावर. आई पहिल्यांदा बघायला आली. तिला व्हॅनमध्ये नेलं, एवढे पडदे बघून म्हणाली, 'यात तू कोणता?' मी दाखवला. पुढचं उद्या लिहीन, दूध उतू गेलं.

पळसफूल
@धुळवाट उदगीरला कुठं? माझं माहेर तिथलंच. आणि निलंगा राईसची पाककृती कुणी टाकली होती मागं, तो धागा सापडेना.

मांजराकाठ
मी जनरेटर आणि अर्थिंग बघायचो. हे काम कुणाला दिसत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

जनरेटर लावला की शेजारी जमिनीत तांब्याचा मुलामा दिलेली सळई ठोकायची आणि व्हॅनची बॉडी तिला जोडायची. सळईभोवती माती ओली पाहिजे, तरच वीज जमिनीत उतरते. म्हणून खड्ड्यात मीठ टाकून दोन बादल्या पाणी ओततात. माती कोरडी राहिली तर आवाजात घूं येतो, आणि पत्र्याला हात लावला की झिणझिण्या. माणूस दगावू शकतो.

आता एप्रिल २०१६ आठवा. लातूर. पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती. मिरजेहून पाण्याची रेल्वे येणार, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सगळ्या वाहिन्या स्टेशनात. आमची गाडी आदल्या रात्रीच लागली. सळई ठोकली, ती भेगेतूनच खाली गेली, माती अशी कोरडी ठक्क. मीटर लावला, रीडिंग येईना. पाणी ओतायला पाहिजे. आमच्याकडं पिण्याचे दोन जार. मी झाकण उघडलं आणि हातच चालेना. आजूबाजूला बायका घागरी घेऊन बसलेल्या. त्यांच्यासमोर मी जमिनीत पाणी ओतणार?

एक मावशी बघत होत्या. विचारलं त्यांनी, काय करायलास म्हणून. सांगितलं. म्हणाल्या, 'भांडी धुतलेलं चालतंय का?' चालतंय की. त्यांनी घरून अर्धी बादली आणली, राखेचं पाणी, म्हशीसाठी ठेवलं होतं. मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, गाडी आलेली सगळ्यांला दिसू दे. मीठ टाकून ओतलं. रीडिंग आलं. पहाटे रेल्वे शिरली आणि आमचं चित्र गेलं.

घरी आल्यावर मी दोन दिवस अंघोळ केली नाही. कुणी सांगितलं नव्हतं. तसंच वाटलं.

बालाघाटी
दादा मी त्याच रात्री गाडीत झोपलो व्हतो. हे म्हशीच्या पान्याचं मला आत्ता कळलं. तू बोलला नाईस कधी.

गोदाकाठ
🙏

मोबाईलवरून_लिहितोय
वाचतोय सगळं. मी नंतरच्या पिढीतला, कंपनीत २०१७ ला आलो. तेव्हा सगळे घाबरलेले. आदल्या सप्टेंबरात जिओ आलं होतं, आणि पाठीवरची बॅग आली होती. तिच्यात वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं, सगळ्यांचं इंटरनेट एकत्र करून चित्र पाठवायचं. एक रिपोर्टर, एक कॅमेरामन, बॅग, झालं लाइव्ह. व्हॅन, ड्रायव्हर, डिश कशालाच नको. वर्षभरात व्हॅनची मागणी निम्म्यावर आली. वहिनींनी तेव्हा एक व्हॅन विकली, पण माणूस एकही कमी केला नाही. त्यांना कीर्तन महोत्सव, कबड्डीच्या स्पर्धा, कॉलेजचे पदवीदान, संमेलनं या मल्टिकॅमेराच्या कामाला लावलं. जानेवारी २०२० ला ९३ वं साहित्य संमेलन उस्मानाबादला, तिथं आमची टीम होती. दोनच महिन्यांनी कोविड. सगळं बंद.

आणि तरी व्हॅन लागतेच. १४ ऑक्टोबर २०२३ ची अंतरवाली सराटीची मराठा आरक्षणाची सभा. एवढी माणसं, एवढे फोन, टॉवर गुदमरले. माझ्या बॅगेतलं एकही सिम चालेना, चित्र अडकून अडकून बंदच पडलं. शेजारी जुनी डिशची गाडी निवांत चालू. डिशला गर्दीशी देणंघेणं नाही, ती वर बघते. मी त्यांच्याकडं पॅच मागितला, म्हणजे माझं चित्र त्यांच्या गाडीतून पाठवायची जोडणी, त्यांनी दिला. स्पर्धक कंपनी होती, तरी दिला.

नवीन सदस्य, जालना
सर मला पण या लाइनमध्ये यायचं आहे. बारावी झाली. काय शिकावं लागेल? फी किती?

धुळवाट
फी कसली. कुणी फी मागितली तर देऊ नकोस, या लाइनीत शिकताना पैसे मिळतात, कमी मिळतात पण मिळतात. आधी केबल. मग कॅमेरा असिस्टंट. वायरमनचं थोडं येत असेल तर उत्तम. इंग्रजी नंबर आणि रंग पाठ कर, टॉकबॅकवर, म्हणजे कानातल्या हेडफोनवर, तेच बोलतात.

मांजराकाठ
आणि बूट घाल रबराचे. चप्पल घालून जनरेटरपाशी येऊ नको.

कंदीलवाली
जालन्याच्या दादा, मला निरोप टाका, नंबर देते एका मुलाचा. तो तुमच्याच वयाचा होता आला तेव्हा.

बाभळगावचं कुणी लिहिलं नाही. १५ ऑगस्ट २०१२. विलासरावांचा अंत्यविधी. आमची स्वतःची चार कॅमेऱ्यांची गाडी नवी होती, तिचं पहिलं मोठं काम ते. आमच्या जिल्ह्याचा माणूस. पोरं रडत होती आणि कॅमेरा हलत नव्हता. रात्री रोज वाटायला बसले तर कुणी हात पुढं करेना. मी वहीत लिहून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी दिला.

वही आहे अजून. काल तीच काढून बसले होते, सगळ्यांची नावं आहेत, काहींच्या गावांची पण स्पेलिंगं चुकलेली.

गोदाकाठ
वहिनी, सात नंबर माझ्यासाठी ठेवाल का? त्याचे दोन्ही कनेक्टर मी बसवले होते, नांदेडच्या लॉजवर, रात्री. नवीन पोरांना गुंडाळायला शिकवायला पाहिजे मला.

कंदीलवाली
ठेवलाय. पोळ्याला येशील तेव्हा ने. मोटारसायकलवर मावणार नाही, गाडी आण.

पळसफूल
सापडला निलंगा राईसचा धागा, वर आणते.