'सॅटर्नाइन' या विशेषणाला मराठी प्रतिशब्द हवा आहे

नमस्कार. एका इंग्रजी कथेचा अनुवाद करताना चार दिवसांपासून मी एकाच शब्दावर अडलो आहे. कथेतल्या वृद्ध कारकुनाचा चेहरा लेखकाने 'सॅटर्नाइन' असा वर्णिला आहे. कोशात गंभीर, उदास, अबोल असे अर्थ मिळतात. पण तिन्ही छटा एकत्र आणणारा मराठी शब्द सापडत नाही.

व्युत्पत्ती मी शोधली आहे. सॅटर्न म्हणजे शनी. १७८१ साली युरेनसचा शोध लागेपर्यंत हाच सर्वांत दूरचा ज्ञात ग्रह होता. त्यामुळे तो थंड, कोरडा आणि मंदगती मानला जाई, आणि त्याच्या प्रभावाखाली जन्मलेल्या माणसाच्या शरीरात उदासी आणणाऱ्या काळ्या पित्ताचा जोर असतो, अशी मध्ययुगीन युरोपातील समजूत होती. किमयागार शिशालाही सॅटर्न म्हणत, म्हणून शिशाच्या विषबाधेच्या संदर्भातही हे विशेषण येते. गंमत अशी, की मूळ रोमन सॅटर्न हा शेतीचा देव, आणि डिसेंबरातला त्याचा उत्सव मेजवान्यांचा व थट्टामस्करीचा; म्हणजे ही उदासी देवाची नव्हे, ग्रहाची.

आपल्याकडेही शनी हळू चालणारा, म्हणूनच शनैश्चर. सूर्याभोवतीच्या एका फेरीला त्याला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. तरी 'साडेसाती' किंवा 'शनी मागे लागणे' यांतून भोगणाऱ्याचे नशीब कळते, स्वभाव नव्हे. मी शनिपाराजवळ राहतो. शनिवारी देवळात तेल वाहायला येणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर मला काळजी दिसते, घुमेपणा क्वचितच. 'शनीसारखा चेहरा' असे लिहिले, तर वाचक कारकुनाला अपशकुनी समजतील.

'सुतकी' हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटला, परंतु त्यात थोडी चेष्टा आहे आणि हा कारकून चेष्टेचा विषय नाही. 'घुमा' म्हटले की अबोलपणा येतो, खिन्नता निसटते. 'विषण्ण' ही तात्पुरती अवस्था झाली, आणि 'कुढा' म्हटले की मनातली तक्रार डोकावते. शनीचेच एक संस्कृत नाव 'मंद' असे आहे, पण आजचा वाचक त्याचा अर्थ बुद्धीशी जोडणार.

जन्मजात गंभीर, मितभाषी आणि किंचित काळवंडलेल्या वृत्तीच्या माणसासाठी आपल्या घरात किंवा गावाकडे एखादा शब्द वापरला जातो का? एक शब्द नसेल तर जोडशब्दही चालेल. मात्र तो कारकुनाच्या बायकोच्या तोंडी शोभायला हवा, कारण पुढच्या पानावर तीच हे विशेषण पुन्हा उच्चारते.