व्हिनेगरसारखा वास येणारी जुनी रिळे कशी जपावीत?

प्रश्न
आजोबांनी चित्रित केलेली 16 मिमीची काही रिळे आणि कृष्णधवल निगेटिव्हचे लिफाफे माझ्याकडे आले आहेत. दोन डबे उघडताच व्हिनेगरसारखा उग्र वास आला आणि आतील फिल्मच्या कडा लहरी पडल्यासारख्या दिसल्या. बाकीच्या रिळांना वास नाही. ती प्रोजेक्टरवर चालवून पाहावीत का? डबे घट्ट बंद ठेवावेत की हवा खेळू द्यावी, याबद्दल मला परस्परविरोधी सल्ले मिळत आहेत.

उत्तर 1
कृपया प्रोजेक्टरवर चालवू नका. हा वास ॲसिटेट या प्लास्टिकपासून बनलेल्या फिल्मच्या पट्टीचे विघटन सुरू झाल्याची खूण आहे. उष्णता आणि दमटपणामुळे तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटते आणि तेच आम्ल पुढील विघटनाला वेग देते. त्यामुळे ही प्रक्रिया थांबवता येत नाही, केवळ मंदावता येते. आकसलेल्या फिल्मची छिद्रे प्रोजेक्टरच्या दात्यांशी जुळत नाहीत आणि ती पहिल्याच फेरीत फाटू शकते. वास येणारी दोन्ही रिळे आजच वेगळ्या खोलीत ठेवा, कारण त्यांची वाफ शेजारच्या चांगल्या रिळांनाही बाधते. स्कॅनिंगही त्यांच्यापासूनच सुरू करा आणि तेही दाते नसलेल्या स्कॅनरवर. स्कॅन झाले म्हणून मूळ रीळ टाकून देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर 2
डब्यांबाबतचे दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. खोलीच्या तापमानाला ठेवायचे असेल तर गंजके पत्र्याचे डबे काढून हवा खेळेल असे पॉलिप्रॉपिलीनचे डबे घ्यावेत, सापेक्ष आर्द्रता 30 ते 50 टक्के राखावी आणि रिळे आडवी ठेवावीत. फ्रीझरमध्ये ठेवायचे असेल तर मात्र डबा दोन पिशव्यांत हवाबंद करावा लागतो. बाहेर काढल्यावर फिल्म खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, अन्यथा थंड फिल्मवर दव धरते. ज्यांना वास नाही त्या डब्यांत आम्लदर्शक पट्टी ठेवून पाहा: निळी पट्टी आम्लाच्या प्रमाणानुसार हिरवी आणि पुढे पिवळी होते. नाकाला कळण्याआधीच ती इशारा देते.

उत्तर 3
निगेटिव्हकडे दुर्लक्ष नको. 16 मिमी फिल्म 1923 मध्ये बाजारात आली तीच सुरक्षित ॲसिटेटवर. परंतु 1950 च्या दशकापूर्वीच्या निगेटिव्ह नायट्रेट या अतिज्वलनशील प्लास्टिकच्या असू शकतात. नायट्रेट जळताना स्वतःच ऑक्सिजन पुरवते, त्यामुळे ते पाण्याखालीही विझत नाही. पिवळसर, चिकट किंवा प्रतिमा फिकटलेली निगेटिव्ह दिसल्यास ती घरात साठवू नका, तज्ज्ञ अभिलेखागाराला विचारा. उरलेल्या निगेटिव्ह पीव्हीसीच्या पाकिटांतून काढून आम्लरहित कागदात ठेवाव्यात.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. डब्यांत आजोबांच्या हस्ताक्षरातील चिठ्ठ्याही आहेत. त्या तशाच राहू द्याव्यात का?

उत्तर 2
नाही. कागद ओलावा आणि आम्ल दोन्ही धरून ठेवतो. चिठ्ठीचे छायाचित्र घ्या, तिच्यावर रिळाचा क्रमांक पेन्सिलीने लिहा आणि ती वेगळ्या लिफाफ्यात ठेवा.