नाचणीत फेरुलिक ॲसिड (धान्यातलं एक फिनॉलिक संयुग) का दिसत नाही?

परीक्षानळी (प्रश्न विचारणारे): तांबड्या नाचणीचं १ ग्रॅम पीठ, २० मिली ८०% मिथेनॉल, शेकरवर १ तास, मग सेंट्रिफ्यूज. वरच्या द्रवाचा फोलिनचा (फिनॉलिक मोजायच्या रंगचाचणीचा) आकडा बरा येतो. एचपीएलसीवर (द्रवातली संयुगं वेगळी करून मोजणारं यंत्र; सी-१८ कॉलम, २८० नॅनोमीटर) कॅटेचिन हे दुसरं फिनॉलिक दिसतं, पण फेरुलिकच्या जागी जेमतेम उंचवटा. स्टँडर्ड (शुद्ध फेरुलिकचा नमुना) नीट येतं. चुकतंय कुठे?

कोंडाजी: चोथा टाकून देताय ना? फेरुलिक त्यातच आहे. धान्याच्या पेशीभित्तिकेत ते अराबिनोझायलान या तंतुमय कर्बोदकाला एस्टर बंधाने जोडलेलं असतं. मिथेनॉलने कितीही वेळा धुतलं तरी सुटत नाही, अल्कली लागते.

मिथेनॉलचं निष्कर्षण दोनदा करून चोथ्यावर २० मिली २ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड घाला. नळीत नायट्रोजन सोडून बूच घट्ट लावा आणि अंधारात, खोलीच्या तापमानाला ४ तास हलवा. मग बर्फात ठेवून ६ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड थेंबथेंब घालत पीएच २ वर आणा. घाई केलीत तर द्रव तापतो. हेक्झेनने एकदा धुऊन चरबी काढा, मग २० मिली इथिल ॲसिटेटने तीनदा ओढून घ्या. ४० अंशांखाली सुकवून ५ मिली ५०% मिथेनॉलमध्ये विरघळवा. फेरुलिक ३२० नॅनोमीटरला वाचा, २८० ला नव्हे.

अंधार विसरू नका. प्रकाशात ट्रान्स-फेरुलिकचं सिस (त्याच रेणूची वेगळी मांडणी) होतं आणि शेजारी दुसरं शिखर उगवतं.

परीक्षानळी: मग पिठावर थेट अल्कलीच घातली तर? आणि ऑक्सिडेशन टाळायला ॲस्कॉर्बिक ॲसिड चालेल?

दाणापाणी: थेट नको. नाचणीतलं कॅटेचिन अल्कलीत मोडतं, म्हणून मोकळा (मिथेनॉलमध्ये सुटणारा) भाग आधी वेगळा काढायचाच. एचपीएलसीसाठी १% ॲस्कॉर्बिक आणि १० मिलिमोलर ईडीटीए (धातूचे आयन बांधून ठेवणारं रसायन) चालतं, पण त्याच नमुन्यावर फोलिन करू नका. ॲस्कॉर्बिक स्वतःच फोलिनला निळं करतं, आकडा फुगतो. फोलिनचं असंच आहे, साखर आणि प्रथिनंही मोजून टाकतं. त्या आकड्याला ‘एकूण फिनॉलिक’ म्हणताना हात आखडताच ठेवावा.

कोंडाजी: इथिल ॲसिटेटच्या वेळी मधे फेसाळ थर धरला तर फनेल जोरात हलवू नका. सगळं सेंट्रिफ्यूज करा, थर फुटतो. आणि अल्कली घालण्याआधी एका नळीतल्या चोथ्यात मोजून फेरुलिक टाका. शेवटी त्यातलं किती परत मिळतं ते पाहिल्याशिवाय आकडे लिहू नयेत.