पाचारण एकाला, घर मात्र सगळ्यांचे सुटते: आपले अनुभव लिहावेत

परळची_लेक
सर्वांना सलाम. गेल्या रविवारी उपासनेहून परतल्यावर माझ्या मुलाने जेवायला बसता बसता सांगितले, की त्याने हिंजवडीतील नोकरीचा राजीनामा दिला आहे आणि जूनपासून तो सातपुड्याच्या डोंगरातील धडगाव तालुक्यातील एका वसतिगृहात मुलांना गणित शिकवायला जाणार आहे. प्रभूने पाचारण केले आहे, एवढेच तो म्हणाला. मी त्याला वाढले आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, कारण हेच वाक्य मी १९८३ साली, नऊ वर्षांची असताना, पप्पांच्या तोंडून ऐकले होते.

पप्पा मुंबईत बँकेत होते आणि परळला आमच्या दोन खोल्या होत्या. ते सारे सोडून त्यांनी पाळकाचे, म्हणजे चर्चच्या धर्मोपदेशकाचे, शिक्षण घेतले आणि नेवासे तालुक्यातील एका लहान मंडळीची (तेथल्या ख्रिस्ती उपासकांची) सेवा पत्करली. मंडळीतील बहुतेक कुटुंबे ऊसतोडीला जात, त्यामुळे दिवाळीनंतर देवळात म्हातारी माणसे आणि आम्हीच उरत असू. पगार कधी वेळेवर येत नसे. आईने पिठाच्या डब्यात आतल्या बाजूने खडूची रेघ ओढून ठेवली होती. वीस तारखेच्या आत पीठ त्या रेघेखाली जाऊ द्यायचे नाही, असा तिचा नियम होता. पप्पांच्या त्यागाविषयी मी कितीतरी साक्षी ऐकल्या. आईला पाचारण झाले होते का, हे मात्र तिला कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

आता तिच्या जागी मी उभी आहे. ज्यांनी देवाच्या हाकेसाठी सुखाचे घर सोडले, किंवा ज्यांच्या घरातल्या माणसाने सोडले, त्यांनी कृपया लिहावे.

मिरजेची_परिचारिका
ताई, दुपारची औषधे देऊन झाल्याबरोबर लिहीत आहे. आमच्या शिक्षणाच्या काळात डॉ. विल्यम वानलेस यांचे नाव रोज कानावर पडे. कॅनडातून येऊन त्यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभे केले, ही गोष्ट ऐकूनच आम्ही मोठ्या झालो. पण थोरांच्या गोष्टीत कर्ज फेडणारा भाऊ नसतो. १९९१ साली माझी कुवेतची नोकरी ठरली होती आणि एजंटाचे पैसे भरायला माझ्या भावाने व्याजाने रक्कम उचलली होती. त्याच महिन्यात एका आडगावच्या दवाखान्यात परिचारिका नाही हे मला कळले आणि प्रार्थनेत दुसरे काही सुचेनासे झाले. मी कुवेतला गेले नाही. त्या दवाखान्यात सुया कुकरमध्ये उकळून घ्याव्या लागत आणि रात्री बाळंतीण आली तर मीच दार उघडत असे. भावाचे पैसे मी सहा वर्षांत फेडले, पण तो विषय आमच्या घरात अजूनही निघत नाही. मी चुकले असे मला वाटत नाही, आणि तो चुकला असेही म्हणवत नाही.

शांतिवन
आपल्या दोघींसाठी आज सकाळी प्रार्थना केली. सविस्तर लिहायला सवड नाही, क्षमस्व.

वसईची_वाडी
माझा थोरला भाऊ दहावीनंतर सेमिनरीत, धर्मगुरू होण्याच्या शिक्षणाला, गेला. आमची केळीची आणि पानवेलींची वाडी होती, आणि बाबांच्या मनात ती त्याच्याच हाती द्यायची होती. त्याच्या गुरुदीक्षेच्या दिवशी सारे गाव लोटले होते. नव्या धर्मगुरूंच्या हातांचे चुंबन घ्यायला आई पुढे वाकली आणि क्षणभर तशीच थांबली. नंतर ती मला म्हणाली, की त्याच्या नखांखालचा पानांचा काळा डाग गेलेला पाहून तिला तो परका वाटला. पुढे बाबांना पक्षाघाताचा झटका आला, वाडी बघायला कोणी उरले नाही, आणि अभियांत्रिकीचे दुसरे वर्ष अर्धवट टाकून मी परत आलो. पाचारण भावाला झाले आणि शिक्षण माझे सुटले. मला राग होता, पुष्कळ वर्षे होता. भावाने तो एकदाही नाकारला नाही. सुट्टीत आला की कासोटा घालून माझ्याबरोबर पाटाचे पाणी वळवायला येत असे.

बाणावली
वसईकर, आपले वाचून आमच्या गावचे संत जुझे वाझ आठवले. सुखवस्तू घरातला हा धर्मगुरू १६८७ साली गरीब मजुराच्या वेशात श्रीलंकेत उतरला, कारण तेथे डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती. १७११ साली कँडीत देह ठेवीपर्यंत तो परत आला नाही. लहानपणी ही गोष्ट संपली, की माझी आजी दर वेळी विचारायची, की त्याच्या आईकडे कोणी निरोप नेला असेल का.

नाशिकचा_डॉक्टर
मी परत आलेला माणूस आहे, म्हणून लिहायला संकोच वाटतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अमेरिकेत शिकल्यावर तेथेच राहण्याऐवजी १९७० साली दुष्काळी जामखेड निवडले आणि अक्षरओळख नसलेल्या बायकांना आपापल्या गावाचे आरोग्य सांभाळायला शिकवले. तरुणपणी मी जामखेडला काही आठवडे काढले आणि ठरवले, की आपणही हेच करायचे. लग्नानंतर आम्ही सातपुड्यातील एका लहान दवाखान्यात गेलो. चौथ्या वर्षी लक्षात आले, की आमच्या मुलीला ऐकू येत नाही. श्रवणयंत्र आणि रोजची वाचा-उपचाराची सोय तेथून जवळपास कुठेच नव्हती, म्हणून आम्ही नाशिकला आलो.

नांगराला हात घालून मागे पाहिले, असे बायबलमधल्या शब्दांत मंडळीतले एक ज्येष्ठ गृहस्थ माझ्या तोंडावर म्हणाले. दोन वर्षे मी उपासनेतले प्रभुभोजन, म्हणजे पवित्र भाकर आणि द्राक्षरस, घेतले नाही. मेज मांडले, की उठून बाहेर जात असे. ज्या रविवारी पुन्हा घेतले, त्या दिवशी मुलगी माझ्या शेजारी उभी राहून, सूर चुकत का होईना, पण शब्द स्पष्ट उच्चारत गीत म्हणत होती. ताई, आपल्या मुलाला एवढे जरूर सांगा, की परत यावे लागले तर घराचे दार उघडे असेल. मला हे कोणी सांगितले नव्हते.

शांतिवन
डॉक्टर, आपण लिहिलेत हे फार बरे केले.

नगरी_वाचक
या धाग्यावर लक्ष्मीबाई टिळकांचे नाव यायलाच हवे. १८९५ च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला घेऊन काही वर्षे त्यांच्यापासून दूर, नातेवाइकांत राहिल्या. पुढे त्या संसारात परतल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या मनाला पटल्यावर. एवढ्यावर भागले नाही. १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बसलेली घडी दुसऱ्यांदा मोडणे पहिल्यापेक्षा अवघड असते, असे मला वाटते. ताई, आपल्या मातोश्री हयात असतील तर आजच त्यांना विचारा.

मिरजेची_परिचारिका
आणि मुलाबरोबर चांगली जड घोंगडी द्या, कारण त्या डोंगरात डिसेंबर-जानेवारीची रात्र पुण्यासारखी नसते. तेथल्या पावरी भाषेतले चार शब्द त्याने जाण्यापूर्वी शिकले, तर मुले लवकर जवळ येतील.

परळची_लेक
आपण सर्वांनी लिहिलेले मी आईला वाचून दाखवले. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि माझ्याकडेच असते. मग मी तिला विचारले. ती बराच वेळ मेथी निवडत राहिली. नंतर म्हणाली, की परळची जागा सोडण्यापूर्वी दोन रात्री ती एकटी गॅलरीत गुडघे टेकून बसली होती, पण तिला काहीच उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने भांडी बांधायला घेतली.

मी पुढे काही विचारणार, तोच तिने मला धडगावला वीज असते का, हे मुलाला विचारून यायला सांगितले.