बारावीनंतर मुलं विद्यापीठात जातात, तेव्हा मंडळीनं त्यांना काय शिकवून पाठवलेलं असतं?

शाहूपुरीकर (धागा सुरू करणारे)

सर्वांना सलाम. कोल्हापुरातल्या एका मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, तरुण संघ मी अकरा वर्षं बघतोय. दर जूनमध्ये एका रविवारी पुढच्या शिक्षणाला निघालेल्या मुलांना आम्ही वेदीपुढे बोलावतो. पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, प्रत्येकाला नवा करार आणि एक पेन मिळतं, मग महिला मंडळाचा चहा. पंधरा मिनिटांत सगळं आटपतं.

चार वर्षांपूर्वी त्या रांगेत एक मुलगी होती. त्याआधी महिनाभर तिनं मला चर्चच्या पायरीवर गाठलं होतं. हातात बायोलॉजीची वही. म्हणाली, "दादा, बायबलातल्या उत्पत्तीचा, देवानं जग निर्माण केलं तो पहिला अध्याय आणि हे उत्क्रांतीचं प्रकरण, दोन्ही एकदम खरं कसं मानायचं?" मला उत्तर येत नव्हतं. "विश्वास ठेव, प्रार्थना कर," म्हणालो. तिनं वही मिटली. त्यानंतर तिनं मला कधी काही विचारलं नाही, आणि आता ती उपासनेलाही येत नाही. त्याच वहीत आधीच्या पानांवर मेंडेलचे वाटाणे होते. ते वाटाणे लावणारा माणूस ख्रिस्ती मठातला साधू होता, एवढं जरी मला तेव्हा माहीत असतं तरी बोलणं सुरू झालं असतं.

माझं म्हणणं असं की तयारी अकरावीपासून व्हावी. महिन्यातून दोन शनिवार मुलांनी विचारायचं आणि आपण ऐकायचं. आपल्यातले डॉक्टर, प्राध्यापक यांना बोलवायचं. बायबलातल्या दानिएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय नीट वाचायचा. बाबेलात, परक्या राजाच्या दरबारी, त्याचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, आपल्या पोरांच्या पदवीएवढाच. खास्द्यांची, म्हणजे तिथल्या लोकांची, विद्या आणि भाषा तो मन लावून शिकला, नाव बदललं तेही सोसलं, पण राजाच्या ताटाला नाही म्हणाला. कुठं हो म्हणायचं आणि कुठं नाही, हे त्याला घरातून निघायच्या आधीच कळलेलं असणार.

गडहिंग्लजकर

दादा, तुमची तळमळ कळते. पण हे पटत नाही. माझे वडील तिसरी शिकलेले. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग त्यांना तोंडपाठ होते आणि रात्री आठला कंदिलाभोवती आम्ही सगळे प्रार्थनेला बसायचो. पाऊस असो, पाहुणा असो, चुकायचं नाही. आम्ही पाच भावंडं शिकून पाच गावांना गेलो, विश्वास कुणाचा गेला नाही.

आज घरात प्रार्थना राहिली नाही, हे खरं दुखणं. ते सोडून तुम्ही शनिवारचा आणखी एक क्लास काढताय. जे प्रश्न पोराच्या मनात आलेच नाहीत ते आपणच पेरायचे आणि मग उत्तरं शोधत बसायचं, हे कशासाठी? विश्वास वादात जिंकून मिळत नाही. तो अंगात मुरावा लागतो.

सागरमाळ

मी विद्यापीठात एम.एस्सी. करतोय, होस्टेलवर राहतो. काका, दादा, दोघांचाही मान राखून सांगतो. उत्क्रांतीवरून माझ्याशी इथं कुणीही वाद घातलेला नाही.

पहिल्या आठवड्यात मेसमध्ये एकानं विचारलं, "तुमच्या घरच्यांना किती पैसे दिले रे?" तो चिडवत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. माझे पणजोबा ख्रिस्ती झाले, ते का झाले हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी खाली मान घालून भाकरी संपवली.

दुसरं, कागद. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्या सवलती जातात. 1956 ला शीख आणि 1990 ला बौद्ध त्यात घेतले, आपण बाहेरच. मग आपल्यातल्या कितीतरी घरांत दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा. अ‍ॅडमिशनच्या खिडकीवर फॉर्म भरताना अठरा वर्षांच्या पोराचा हात थांबतो. खरं लिहू की फी वाचवू? यावर मी आजवर एकही प्रवचन ऐकलेलं नाही.

तिसरं, रूममेट. चैत्रात तो जोतिबाला जाऊन आला. केसांत गुलाल, हातात खोबऱ्याचा तुकडा. प्रेमानं पुढं केला. घ्यायचा की नाही?

गडहिंग्लजकर

खोबरं घ्यायचं नाही. यात विचारण्यासारखं काय आहे? बायबलात पौलानं करिंथकरांना पत्रात स्पष्ट लिहिलंय, हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नका.

शाहूपुरीकर

काका, त्याच पत्राच्या त्याच दहाव्या अध्यायात पौल असंही म्हणतो की बाजारात विकतात ते काहीही न विचारता खा, कुणी जेवायला बोलावलं तर पुढं वाढलेलं खा. नाही म्हणायचं ते सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून. माझं मत तुमच्यासारखंच, हात जोडून नको म्हणावं. पण 'नको' कसं म्हणायचं की मित्राचं मन मोडणार नाही, हे पोराला कोण शिकवणार? सागरमाळ, तू काय केलंस?

सागरमाळ

"मी खात नाही, पण तू माझ्यासाठी आणलंस हे मला लक्षात राहील," असं म्हटलं. तो दोन दिवस गप्प होता. नंतर नाताळात माझ्याबरोबर चर्चला आला.

पाळकाची मुलगी

मी सोडून गेलेल्यांपैकी आहे, म्हणून लिहिते. एफ.वाय.ला असताना वर्गमैत्रिणीचा लहान भाऊ ताप येऊन चार दिवसांत गेला. आम्ही त्याच्यासाठी रात्रभर प्रार्थना केली होती. घरी येऊन मी म्हणाले, "देवानं ऐकलं नाही." आईनं तोंडावर बोट ठेवलं, पप्पांच्या कानावर जायला नको. पाळकाच्या घरात असं बोलायचं नसतं. मी बोलणं थांबवलं, मग चर्चला जाणं थांबवलं. तीन वर्षांत मंडळीतून एक फोन आला नाही.

गडहिंग्लजकर काका, प्रश्न कुणी पेरला नव्हता. तो त्या पोराच्या मयतीत उगवला. घरात रोज प्रार्थना होती, तरीही.

मला परत आणलं ते थोमानं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात येशूचा शिष्य थोमा म्हणतो, येशूच्या जखमांत हात घालून पाहिल्याशिवाय तो पुन्हा उठला हे मानणार नाही. त्यानंतर आठ दिवस जातात. त्या आठ दिवसांत बाकीच्या शिष्यांनी त्याला घराबाहेर काढलेलं नाही. येशू आला तेव्हा थोमा त्यांच्यातच बसलेला होता. माझ्या मंडळीला ते आठ दिवस जमले नाहीत.

निवृत्त शिक्षक

एक जुनी गोष्ट आठवली. रॉयल वाइल्डर 1852 ला मिशनरी म्हणून कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 ला इथंच जन्मला. अमेरिकेत कॉलेजात असताना 1886 च्या माउंट हर्मनच्या शिबिरात त्यानं विद्यार्थ्यांमागं लकडा लावला आणि शंभर जण मिशनकार्याला तयार झाले. त्या चळवळीमागं त्याची बहीण ग्रेसची प्रार्थना होती, आणि भावंडांना प्रार्थनेची सवय आईवडिलांच्या घरात लागलेली. म्हणजे गडहिंग्लजकरांचं म्हणणं अगदीच सोडून देता येत नाही.

मात्र मला वाटतं मुलं ख्रिस्ती वसतिगृहातच ठेवावीत. शाहू महाराजांनी या गावात एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभारली, त्यात ख्रिश्चनांचंही होतं. आपल्या माणसांत राहिलं की पोर टिकतं.

सागरमाळ

सर, इथं माझा विरोध. माझा रूममेट गुरुवारचा उपास कडक पाळतो, परीक्षेतसुद्धा. त्याच्याकडं बघून मला माझ्या रविवारची लाज वाटली आणि मी पुन्हा नियमानं जायला लागलो. वेगळ्या वसतिगृहात हे घडलं नसतं. पण दानिएल एकटा नव्हता, चौघं होते, हे मान्य. निदान गावातल्या मंडळीत ओळखीचं एक घर हवं, जिथं रविवारी दुपारी न सांगता जेवायला जाता येईल.

शाहूपुरीकर

सागरमाळ, मी सुरुवात पुस्तकी प्रश्नानं केली, तू मेस आणि फॉर्मवर आणलीस. माझी यादी बदलतो. पहिला शनिवार: आपले पणजोबा ख्रिस्ती का झाले, प्रत्येकानं घरी विचारून यायचं. दाखल्याचा विषय मी टाळणार नाही, पाळकसाहेबांशी आधी बोलतो. आणि ताई, गेलेल्या मुलांना फोन करायचं काम माझं. त्या बायोलॉजीच्या वहीवालीचा नंबर माझ्याकडं आहे. आज रात्री लावतो.

गडहिंग्लजकर

माझं मत बदललं नाही. घरची प्रार्थना आधी. पण ताईंचं वाचून रात्री झोप लागली नाही, माझ्या धाकट्यानं आठ महिने घरी चर्चचं नाव काढलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. यंदाच्या बारावीवाल्या नातीला शनिवारी पाठवतो. शेवटी प्रार्थना झालीच पाहिजे, आणि ती घाईत नको.

सागरमाळ

शनिवारी चारपर्यंत प्रॅक्टिकल असतं, साडेपाचला पोचतो. एकच मागणं आहे. पोरांना विचारायच्या आधी मोठ्यांनी आपापला एक प्रश्न सांगायचा, ज्याचं उत्तर त्यांना अजून मिळालेलं नाही. काका, तुम्हीही या.